भट्टीपाशी स्वेटर

"आई, तू चोरून लोणी खातेस."

हे मला माझ्या पोटच्या पोराने ऐकवलं. तेही कुठे, तर बेकरीत, भर कामाच्या वेळी, सुनेसमोर आणि दोन्ही कारागिरांसमोर. हातात माझ्या रक्ताचा रिपोर्ट. मी ट्रेवर पाव लावत होते आणि माझे हात कोपरापर्यंत पिठात होते, नाहीतर तिथल्या तिथे कानाखाली आवाज काढला असता. चाळिशीचा झाला म्हणून काय झालं?

"पुन्हा बोल," मी म्हटलं.

"कोलेस्टेरॉल परत वाढलंय. गोळी वाढवली, तळलेलं बंद केलं, अंड्यातलं पिवळं बंद केलं. तरी वाढतंच आहे. मग ते काय हवेतून येतं?"

"येत असेल. मी खाल्लेलं नाही."

"लोणी रेघेच्या खाली गेलंय, आई."

ही रेघेची भानगड मला तेव्हाच कळली. मागच्या मोठ्या फ्रीजमध्ये लोण्याचा ठोकळा असतो. सून म्हणे रोज दुकान बंद करताना त्यावर सुरीने बारीक रेघ मारून ठेवायची, आणि सकाळी बघावं तर रेघेपलीकडचा कोपरा कोरलेला. म्हणजे माझ्यावर पाळत होती, आणि मी मात्र त्याच सुनेच्या हातचा चहा 'छान झालाय गं' म्हणून पीत होते. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

पोरगा पुढे झाला आणि त्याने माझ्या कमरेची किल्ली काढून घेतली. लोण्याच्या फ्रीजची किल्ली. सासू गेली तेव्हापासून ती माझ्या कमरेला होती.

"उद्यापासून तू घरी बस," तो म्हणाला. "तुझ्या टेबलावर मी दुसरा कारागीर बघतो."

आता खरं सांगायचं तर मी काही आधीपासून धुतल्या तांदळासारखी नव्हते. बेकरीवाल्यांचा एक जुना नियम आहे: चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. गरम पावाचा कोपरा तोडायचा, त्यावर बोटभर लोणी, मग ट्रेमधलं एखादं तुटकं बिस्किट. दिवसभर तोंड चालू, आणि जेवायला बसलं की म्हणायचं, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही हो. माझा नवरा अशीच चव बघता बघता भट्टीसमोर कोसळला तो उठलाच नाही. गेल्या वर्षी मलाही तिथेच कळ आली. माझं नशीब बरं, वेळेत नेलं आणि हृदयाच्या शिरेत स्टेंट बसवला. हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवशी मी कानाला खडा लावला. चव बंद म्हणजे बंद. भाजलं किती ते वासावरून ओळखायचं आणि मीठ कसं झालंय ते कारागिराला विचारायचं. गोळी एकदाही चुकवली नाही. चुकवली असती तर तोंडावर सांगितलं असतं, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

पण कागद बोलला की माणूस खोटा पडतो. आणि माझा पोरगा माझ्यापेक्षा त्या कागदाला जास्त ओळखायला लागला होता.

"घरी बसणार नाही," मी म्हटलं. "आणि इथेही राहणार नाही. मी तुझ्या आत्याकडे राहायला जाते. ती देईल तेवढंच खाईन. दीड महिन्याने पुन्हा रक्त काढा. आकडा खाली आला तर मी चोर. किल्लीही तुझी आणि टेबलही तुझं. आणि नाही आला तर?"

"तर काय?"

"तर इथेच उभं राहून, ह्याच माणसांसमोर सांगायचं, माझी आई चोर नाही."

कारागिरांनी आपापल्या ट्रेमध्ये डोकं घातलं. पोरगा म्हणाला, "ठीक आहे." आत्याचं नाव काढल्यावर त्याला दुसरं बोलताही येईना.

त्याच्या आत्याला, म्हणजे माझ्या नणंदेला, घरात जेलर वन्सं म्हणतात. बायकांच्या तुरुंगात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. अंबाड्यात तंबाखू लपवणारी बाई त्यांना नुसत्या मान वळवण्यावरून कळायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना टरकून असते. हे पोराला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्यांचं नाव घेतलं. दुसऱ्या कुणाकडे राहिले असते तर म्हणाला असता, तिने लाडाने खाऊ घातलं.

वन्संनी दारातच माझी पिशवी उलटी केली.

"वन्सं, मी काय कैदी आहे?"

"सगळ्या असंच म्हणायच्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्या चपलांचे तळवेसुद्धा वाकवून बघितले.

दोन खोल्यांचं घर, पण शिस्त अशी की झुरळानेसुद्धा परवानगी घेऊन यावं. उकडलेली भाजी, फळं, साय काढलेलं दूध. रात्रीची गोळी त्यांच्यासमोर गिळायची, मग "जीभ वर कर." मी जीभ वर करायचे. साठीला टेकलेली बाई मी, आणि जीभ वर करून उभी! मनात म्हणायचे, कर बाई, कर. नाकावर टिच्चून किल्ली परत घ्यायची आहे ना, मग कर.

माझा एक तपकिरी स्वेटर आहे. बेकरीत कारागीर बनियनवर घामाने निथळत असायचे आणि मी भट्टीला पाठ लावून स्वेटरात. ते चेष्टा करायचे, "आजी, अजून गारठा असेल तर आतच बसा ना, दार उघडतो." मीही हसायचे. वन्संच्या घरी भट्टी नव्हती, तेव्हा मला कळलं की मी किती गारठलेली असते. दुपारच्या उकाड्यात वन्सं वर्तमानपत्राने वारा घेतायत आणि मी स्वेटर घालून वर चादर ओढून. पंखा लावू द्यायचे नाही.

पहिले काही दिवस वन्संची नजर माझ्या मागेमागे होती. नुसत्या बघायच्या. मग एके दिवशी जेवताना त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं.

"अर्धं टाकलंस."

"जात नाही."

"रोज अर्धं टाकतेस, आणि अंगाने फुगतेस. सकाळी डोळे असे सुजलेले की उघडतात की नाही अशी शंका येते. बसल्या जागी झोपतेस. फणीत केसांचं घरटं निघतं." त्यांचा आवाज चढला. "आणि हा तुझा घसा! लग्न होऊन आलीस तेव्हा तू हाक मारलीस की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आता बोलतेस ती घागरीतून बोलल्यासारखी."

"पिठाने बसलाय आवाज. बेकरीत सगळ्यांचाच बसतो."

"इथे पीठ कुठे आहे?"

 मी माझे हात बघितले. तळवे तसेच कोरडे, भेगाळलेले, आणि त्यांनाही मी इतकी वर्षं मैद्याचे हात म्हणत आले होते. महिना होत आला होता, मी पिठाला शिवले नव्हते.

ठरल्या वेळी रक्त काढलं. आकडा खाली तर सोडाच, आधीपेक्षा वर गेला होता.

मी पैज जिंकले होते. वन्संनी माझ्या पाठीवर थाप मारली. पण खोटं कशाला बोलू, मी घाबरले. इतके दिवस मी भांडत होते, कारण मला ठाऊक होतं की मी खाल्लेलं नाही. पण मी खाल्लेलं नाही, तर मग हे येतंय कुठून? आणि ते असंच येत राहिलं तर पुन्हा ती कळ, पुन्हा तो दगड छातीवर. मला मरायचं नव्हतं. चोर ठरून तर मुळीच मरायचं नव्हतं.

माझ्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पोरगा, सून, वन्सं, आम्ही सगळेच गेलो. पोराने रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, "आत्या, तू झोपल्यावर हिने कधी..."

वन्सं उभ्या राहिल्या. "माझ्या पहाऱ्यातून?" त्या एवढंच म्हणाल्या. पोरगा खुर्चीत आक्रसला.

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रिपोर्टकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. डोक्यावर पंखा गरगरत होता, पोराच्या सदऱ्याला घामाचे डाग पडले होते, आणि मी गळ्यापर्यंत बटणं लावून स्वेटरात. "मावशी, तुम्हाला थंडी वाजतेय?"

"वाजते. बेकरीवाल्यांना वाजते. भट्टीपासून उठलं की..."

"आज भट्टीपासून उठून आलात?"

त्यांनी मला पाणी गिळायला लावलं आणि गळ्यावर बोटं ठेवून चाचपलं. मग खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि छोट्या हातोडीने टाचेच्या वरच्या शिरेवर टकटक केली. पाऊल हललं, पण परत जागेवर येताना आळस करत आलं. त्यांनी दुसऱ्या पायावर मारलं. तोही आळशी. मग त्यांनी घसा, झोप, केस, पोट साफ होतं का, मांड्या दुखतात का, एकेक विचारलं. मी एका प्रश्नाला 'हो' म्हणेपर्यंत वन्सं दुसऱ्याचं उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या.

"थायरॉइड तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा गोळीला दाद देत नव्हता तेव्हाच हे बघायला हवं होतं."

"बघायला हवं होतं," मी म्हटलं. त्यांनी चिठ्ठीचं पॅड पुढे ओढलं. मी म्हटलं, "जाऊ दे. आता बघा."

थायरॉइड म्हणजे गळ्यातली एक छोटी ग्रंथी. दोन दिवसांनी रिपोर्ट आला आणि आम्ही सगळे पुन्हा तिथे जमलो, तेव्हा कळलं, माझी जवळजवळ संपावर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते असं: ती ग्रंथी सगळ्या शरीराच्या कामाचा वेग ठरवते. ती मंदावली की सगळं मंदावतं, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून निकालात काढायचं यकृताचं कामही मंदावतं. मग बाहेरून काही आलं नाही तरी आतलंच साचत राहतं. वरून गोळी कितीही द्या, उचलणाराच पेंगत असेल तर ती तरी काय करणार? "आधीच ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना तर हे साचलेलं परवडतच नाही," त्या म्हणाल्या.

म्हणजे भट्टीचा जाळच मंद झाला होता, आणि आम्ही बसलो होतो पिठाला शिव्या देत.

आणि चूक तरी कशी, बेकरीवाल्यांनीच करावी अशी. थंडी वाजते, तर भट्टीची सवय. हात फुटले, तर मैदा. आवाज बसला, तर पिठाची धूळ. झोप येते, तर पहाटेचं उठणं. पाय सुजले, तर दिवसभर उभं राहणं. प्रत्येक दुखण्याला आमच्याकडे धंद्याचं उत्तर तयार. मग कोलेस्टेरॉल वाढलं तर? लोणी! दुसरं काय? रेड्याला दुखणं आणि डाग पखालीला, तशातली गत.

बाहेर बाकावर बसल्यावर वन्संनी सुनेला समोर उभं केलं.

"काय गं, ही माझ्याकडे होती. तेवढ्या दिवसांत तुमच्याकडचं लोणी रेघेपाशी थांबलं का?"

सुनेने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाही थांबलं, आत्या."

"मग खातं कोण? कारागिरांकडे किल्ली नाही. तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नाही."

सगळ्यांच्या नजरा फिरून एकाच माणसावर येऊन थांबल्या. किल्ली त्याच्या खिशात होती, आणि त्याआधीही तो माझ्याकडून सकाळी मागून न्यायचा.

"मी फक्त चव बघतो," पोरगा म्हणाला.

वन्सं इतक्या मोठ्याने हसल्या की नर्सने दार उघडून बघितलं. "चोराच्या उलट्या बोंबा!" पण मला कळत होतं की तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याने खाल्लेलं नाही. बापाने शिकवलं, आजीने शिकवलं, मी शिकवलं: चव म्हणजे खाणं नव्हे. मला हसू आलं नाही. संताप आला, तळपायाची आग मस्तकात गेली. भर बेकरीत मला चोर म्हणतोस, आणि मेल्या, तूच? तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्याचं पोट दिसलं. सदऱ्याच्या शेवटच्या बटणावर ताणलेलं. थेट बापाचं पोट. तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

मी उठले आणि पुन्हा डॉक्टरीणबाईंचं दार ढकललं. "बाई, याचंही रक्त काढा."

"मला काय झालंय?" पोरगा म्हणाला.

"तुझ्या बापालाही काही झालं नव्हतं."

त्याने बाही वर केली.

माझी थायरॉइडची गोळी बघून मला रागच आला. एवढीशी! खसखशीच्या दाण्याची थोरली बहीण. मी म्हटलं, एवढा जाळ विझलाय, त्याला ही काडी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्टेंटवालं हृदय आहे मावशी, ते मंद चालीला सरावलंय. एकदम हाकललं तर धडधडेल, कळ येईल. थोड्यापासून सुरू करायचं, तपासत तपासत वाढवायचं. सकाळी उपाशीपोटी, चहाच्याही आधी. आणि कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची नाही, तीही चालूच. मला धीर धरणं जमत नाही, पण भट्टी तापवायची रीत मला ठाऊक आहे. घाईने तापवली की विटा तडकतात. मी तेवढ्यावर कबूल केलं.

मी वन्संकडेच राहिले. पैज संपली होती, पण किल्ली अजून त्याच्या खिशात होती. तो सगळ्यांसमोर बोलायला कबूल झाल्याशिवाय मी बेकरीची पायरी चढणार नव्हते. तो दोनदा न्यायला आला. "चल ना आई, झालं गेलं." मी म्हटलं, "झालं ते सगळ्यांसमोर झालं, आणि गेलं ते मात्र दाराआड जाणार होय? असं नाही चालायचं. रिपोर्ट सुधारू दे, मग येते. माझ्या पायाने आणि ताठ मानेने."

वन्सं अजूनही जीभ वर करायला लावायच्या. सवय हो, दुसरं काय.

मग एका दुपारी भाजी निवडत होते. मानेवर काहीतरी ओघळलं. पुसलं तर घाम. मी स्वेटर ओरबाडून काढला आणि ओरडले, "वन्सं, पंखा लावा हो, जीव घेता की काय माझा!" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला. खालच्या मजल्यावरची बाई बाहेर आली. वन्संनी पंखा लावला आणि पाठमोऱ्या होऊन डोळे पुसले. जेलर म्हणे!

पुढच्या रिपोर्टात थायरॉइड जागेवर येत होता आणि कोलेस्टेरॉल उतरलं होतं. ताट तेच, कोलेस्टेरॉलची गोळीही तीच, तरी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पोराला दाखवले. त्याने दोन्ही वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाला, "चल आई."

बेकरीत तीच वेळ होती, ट्रे भरायची. दोन्ही कारागीर, सून, आणि दारात वन्सं, हात पाठीमागे बांधून. काउंटरवर एक गिऱ्हाईक सुट्टे पैसे शोधत होतं.

"माझी आई चोर नाही," पोरगा म्हणाला.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही," वन्सं म्हणाल्या.

"माझी आई चोर नाही! तिने लोणी खाल्लं नव्हतं. मी उगाच बोललो."

"मग कोणी खाल्लं?" गिऱ्हाईकाने विचारलं. त्याला काय, फुकटची करमणूक.

पोराने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मग दुसऱ्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्याचा रिपोर्ट. "वाच," त्याने बायकोला सांगितलं. तिने वाचलं. कोलेस्टेरॉल माझ्याइतकंच चढलेलं.

"आणि थायरॉइड?" वन्संनी विचारलं.

"ठणठणीत," सून म्हणाली.

थोरल्या कारागिराला हसू आवरेना, तो खोकल्याचं निमित्त करून पोत्यांमागे गेला. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी पोराला सोलून काढीन. रात्रंदिवस घोकून ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे, एकाहून एक झणझणीत. पण तो भट्टीसमोर उभा होता, आणि बापासारखाच दिसत होता.

"बाबा इथेच पडले होते," तो म्हणाला. "तूही इथेच पडलीस. मला दुसरं काही सुचेना आई. मी घाबरलो होतो."

"घाबरलास तर घाबरलो म्हणायचं. चोर म्हणायचं नाही."

"हो."

त्याचे डोळे भरले. माझेही भरले, नाही कशाला म्हणू? पण मी किल्ली कमरेला लावली आणि आवाज चढवला. तो आता चढत होता, तर का नाही चढवायचा?

"ऐका सगळ्यांनी. आजपासून लोण्यावर रेघ नाही. सूनबाई, ती सुरी ब्रेड कापायला घे. आणि चव बघणं हेही खाणंच, हा नवा नियम. मी रोज सकाळी याला तोंडावर विचारणार, खाल्लंस का? आणि हा जे सांगेल ते मी खरं धरणार. कुठलाही कागद काहीही बोलू दे."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे माझ्या टेबलाशी उभी राहिले, नुसत्या पातळात. स्वेटर भट्टीपाशी खिळ्याला टांगलेला होता. पोरगा आला, हात धुतले, ऍप्रन बांधला.

"खाल्लंस का?" मी विचारलं.

"नाही, फक्त चव..." तो थांबला. कारागीर बघत होते. त्याने श्वास घेतला. "काल संध्याकाळी, तू किल्ली लावून जायच्या आधी. खाल्लं. बोटभर."

मी फ्रीज उघडून बघायला गेले नाही. त्याने बोटभर सांगितलं, मी बोटभर धरलं. मलाही त्याच्याकडून एवढंच हवं होतं.